यंत्रमाग म्हणजे काय, ते एकदा नीट ठरवा

मागच्या वर्षी घरात लग्न होतं म्हणून पैठणी घ्यायला आम्ही पाच-सहा जणी एका मोठ्या दुकानात गेलो होतो, काकूला एक साडी फार आवडली, मी दुकानदाराला सरळ विचारलं की ही हातमागावरची आहे का पॉवरलूमची, तर तो म्हणाला, "हातमागच आहे ताई, फक्त थोडं मशीनवर केलंय." थोडं म्हणजे किती, कुठलं काम मशीनवर केलंय, मशीन म्हणजे विजेवरचं का नुसतं जॅकार्ड, म्हणजे नक्षीचे धागे उचलणारं साधन, असं मी विचारत गेले आणि तो तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शेवटी साडी घेतली, पैसे हातमागाचे मोजले, पावतीवर हातमाग पैठणी असं लिहूनही घेतलं. नंतर येवल्यात विणकाम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना दाखवली तर त्यांनी पदर उलटा करून बघितला, काठावरनं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ही मोटरवर विणलेली आहे.

फसवणुकीचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग मला त्या "थोडं मशीनवर"चा आला. कारण मी इचलकरंजीची. यंत्रमाग, पॉवरलूम, माग, लूम, सूत, कांडी हे शब्द आमच्याकडे दिवसभर तोंडात असतात, आणि तरी खरं सांगायचं तर यंत्रमाग म्हणजे नेमकं काय असं कुणी विचारलं तर आमच्यातले बहुतेक जण "मशीनचा माग" एवढंच सांगतील. हे उत्तर अपुरं आहे, आणि त्या अपुऱ्या उत्तराचा फटका हातमागवाल्याला, यंत्रमागवाल्याला आणि गिऱ्हाइकाला तिघांनाही बसतो, हे मला आज नीट मांडायचंय.

आधी शब्दच बघा. यंत्रमाग, म्हणजे यंत्र असलेला माग. मग हातमाग काय यंत्र नसतं? खड्डामागावर बसलेल्या विणकराकडं एकदा निवांत बघा. पाय खड्ड्यात सोडलेले, पायाखाली पावड्या, एक पावडी दाबली की दोरीनं बांधलेली एक वही, म्हणजे धागे ओवलेली चौकट, खाली जाते आणि दुसरी वर येते, ताण्याचे म्हणजे उभे धागे दोन थरांत फाकतात आणि मधे वाट पडते, त्या वाटेतनं धोटा बाण्याचा म्हणजे आडवा धागा मागं सोडत पलीकडं जातो आणि मग फणी पुढं ओढून तो धागा आधीच्या विणीला ठोकून बसवायचा. परत दुसरी पावडी, परत धोटा, परत ठोका. दोरी ओढून धोटा पळवायची युक्ती इंग्लंडमधल्या जॉन के यांची, १७३३ सालची, ती आपल्या हातमागांवर केव्हाच रुळली. वरती जॅकार्ड बसवलं तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि नक्षीला लागतील तेवढेच धागे उचलले जातात, ही फ्रान्समधल्या जॅकार्ड यांची १८०४ च्या आसपासची करामत. तरफा, कप्प्या, पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेली नक्षी, एवढं सगळं ज्यात आहे त्याला यंत्र म्हणायचं नाही आणि मोटर लावली की मात्र यंत्र म्हणायचं, हे कसं काय?

आता साधा यंत्रमाग घ्या. बाजूला एक मोटर, साधारण एक हॉर्सपॉवरच्या आसपासची, म्हणजे ७४६ वॉट. पट्ट्यानं नाहीतर गिअरनं ती क्रँकशाफ्ट फिरवते, क्रँकशाफ्ट एकदा फिरला की फणी एकदा ठोकते. खाली दुसरा शाफ्ट असतो तो निम्म्या वेगानं फिरतो, त्याच्यावरचे कॅम वह्या वर-खाली करतात आणि आळीपाळीनं दोन्ही बाजूंच्या काठ्यांना झटका देतात, झटका बसला की पिकर धोट्याला मारतो आणि धोटा एका पेटीतनं सुटून समोरच्या पेटीत जाऊन आदळतो. मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा. आमच्या गावाचा जो खटखट आवाज म्हणतात ना, त्यात मोठा वाटा या आदळण्याचा. म्हणजे कामं तीच तीन, वाट पाडणं, धोटा फेकणं, धागा ठोकणं, आणि क्रमही तोच. फक्त हातापायांचा जोर गेला आणि तिथं मोटरचा जोर आला. माणूस दिवसभर सलग काम करताना साधारण ७५ वॉटच्या आसपास जोर देऊ शकतो, ही मोटर त्याच्या दहापट देते आणि दमत नाही, म्हणून एक कामगार चार, सहा, आठ-आठ माग सांभाळू शकतो. दोन्हीकडं यंत्र आहेच, जोर कुणाचा हे वेगळं आहे, आणि आपल्या मराठी शब्दात नेमकं तेच येत नाही. इंग्रजी शब्दात ते आहे, पॉवर म्हणून.

माझ्या लहानपणी शेजारीच आठ मागांचा कारखाना होता. लाईट गेली की माग जिथल्या तिथं बंद पडायचे आणि एखाद्या मागात धोटा मधेच, ताण्याच्या पोटात अडकून राहायचा. मग कामगार क्रँकशाफ्टच्या टोकाचं चाक हातानं उलटं फिरवून फणी मागं घ्यायचा आणि धोटा अलगद काढायचा, धागे न तोडता. एक-दोनदा मलाही त्यांनी ते चाक धरू दिलं होतं, लोखंडी, तेलकट, गार, अंगातला सगळा जोर लावला तेव्हा कुठं बोटभर हललं. आता त्या वेळी तो माग हातावर चालत होता, मग तो तेवढ्यापुरता हातमाग झाला का? नाही झाला, कारण त्या फिरवण्यातनं कापड विणलं जात नव्हतं. हे उदाहरण पोरकट वाटेल पण सगळा वाद इथंच आहे बघा. हात लागला एवढ्यावर हातमाग ठरत नाही. आणि उलट बाजूनं, मागावर कुठंतरी मोटर लागली एवढ्यावर तो यंत्रमाग ठरतो का, हा खरा अवघड प्रश्न, त्याच्याकडं येतेच.

कायद्यात काय आहे ते बघितलं तर आणखी गंमत कळते, आणि हे वाचून मी खरंच चकित झाले होते. १९८५ चा एक केंद्रीय कायदा आहे, काही वस्तू फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा. सुरुवातीला २२ वस्तू होत्या, १९९६ मध्ये त्या ११ वर आणल्या, ठराविक प्रकारच्या साड्या, धोतर, लुंगी, टॉवेल, सतरंजी, घोंगडी वगैरे. या कायद्यात हातमागाची व्याख्या काय, तर पॉवरलूम सोडून कुठलाही माग. झालं. लाखो लोकांचं पोट ज्याच्यावर आहे त्या वस्तूची व्याख्या "ते नाही ते" अशी. मग पॉवरलूम म्हणजे काय, तर पॉवरवर चालणारा माग, आणि पॉवर म्हणजे काय हे १९४८ च्या कारखाना कायद्यात बघा. तिथं लिहिलंय की पॉवर म्हणजे वीज, किंवा यंत्रातनं पोचवली जाणारी दुसरी कुठलीही ऊर्जा, जी माणसानं किंवा जनावरानं निर्माण केलेली नाही.

ही शेवटची व्याख्या मला मनापासून आवडते. सरकारी भाषेत इतकं नेमकं वाक्य क्वचित सापडतं. त्यात यंत्र मोठं का लहान, नवं का जुनं, लोखंडी का लाकडी याच्याशी काही घेणंदेणं नाही, जोर कुठनं आला एवढंच विचारलंय. विणकामाच्या इतिहासात ही कसोटी लावून बघा. एडमंड कार्टराइट यांनी १७८५ मध्ये पहिल्या पॉवरलूमचं पेटंट घेतलं, पण डॉनकास्टरला त्यांनी कारखाना काढला तेव्हा माग फिरवायला आधी बैल जुंपला होता, वाफेचं इंजिन नंतर आलं. म्हणजे आपल्या कायद्याच्या हिशोबानं बैलावर फिरणारं ते पॉवरलूम पॉवरलूमच नव्हतं! ऐकायला विचित्र वाटतं पण मला ते पटतं, कारण शब्द काय वापरला यापेक्षा जोर कुणाचा हे कायद्यानं आधी बघितलं.

आणि हा "पॉवर" शब्द नुसता कापडाचा नाही. याच कारखाना कायद्यात पॉवर वापरत असाल तर १० कामगारांना कारखाना ठरायचा, पॉवर नसेल तर २० ला. २०२० च्या नव्या कामगार संहितेत ते आकडे २० आणि ४० झाले. म्हणजे एखाद्या शेडमधल्या माणसाला पगारी रजा, कामाचे तास, अपघात झाला तर नोंद, हे सगळं लागू होणार की नाही हे भिंतीवरच्या त्या मोटरवर ठरतं. शब्दांचा अर्थ काढत बसणं म्हणजे रिकामटेकडा उद्योग असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एक लक्षात घ्यावं.

पॉवर म्हणजे वीज हे समीकरणसुद्धा आपल्या डोक्यात नंतर बसलंय. मुंबईच्या गिरण्या सुरू झाल्या त्या कोळशाच्या वाफेवर, एक मोठं इंजिन, त्याच्यावरनं छताखालून जाणारा लांबच लांब शाफ्ट आणि प्रत्येक यंत्रावर उतरणारा पट्टा. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं तेव्हा कुठं घाटातल्या पाण्याची वीज गिरण्यांत पोचायला लागली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला असं आम्हाला शाळेपासून सांगतात, म्हणजे तोसुद्धा खोपोलीच्या विजेच्या आधीचा. पण वीज आली आणि छोटी मोटर आली तेव्हा खरा फरक पडला, कारण मोटर प्रत्येक मागाला वेगळी बसवता येते, बॉयलर नको, चिमणी नको, शे-दोनशे माग एका छपराखाली आणायची गरज नको. चार माग घेऊन माणूस घराच्या मागच्या खोलीत कारखाना काढू शकला. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर अशी गावंच्या गावं उभी राहिली ती या छोट्या मोटरमुळं, हे फारसं कुणी बोलत नाही.

इथंच शब्दाचा दुसरा अर्थ येऊन चिकटला. गिरणीतला मागसुद्धा विजेवरच चालतो की, पण त्याला कुणी पॉवरलूम म्हणत नाही, तो गिरणीचा माग. पॉवरलूम म्हटलं की छोट्या मालकाचा, शेडमधला, गल्लीतला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचं विणकाम मोठ्या प्रमाणावर याच शेडमध्ये आलं, तेव्हापासून तर यंत्रमाग हे एका यंत्राचं नाव राहिलं नाही, एका अख्ख्या धंद्याचं आणि त्यातल्या माणसांचं नाव झालं. सरकार "यंत्रमाग क्षेत्र" म्हणतं ते याच अर्थानं. एकाच शब्दात एक तांत्रिक अर्थ आणि एक आर्थिक अर्थ, आणि बोलताना कोण कुठल्या अर्थानं बोलतंय ते कळत नाही.

तिसरा घोळ ऑटोमॅटिकचा. पॉवरलूम म्हणजे आपोआप चालणारा माग असं शहरातली माणसं धरून चालतात. अहो, साध्या यंत्रमागावर धोट्यातल्या कांडीवर गुंडाळलेलं सूत संपलं की माग थांबवून कामगार हातानं कांडी बदलतो, ताण्याचा धागा तुटला तर तो शोधून वहीतनं फणीतनं ओवून गाठ मारतो, चूक लक्षात आली नाही तर कापड खराब आणि पैसे त्याच्याच मजुरीतनं. ऑटोमॅटिक माग तो, जो कांडी किंवा धोटा स्वतः बदलतो, जपानच्या टोयोडांचा १९२४ चा माग चालू असतानाच धोटा बदलायचा. आपल्याकडं २०१७ मध्ये पॉवरटेक्स योजना आली त्यात साध्या मागांना धागा तुटल्यावर आपोआप थांबायची सोय वगैरे बसवायला अनुदान होतं, म्हणजे तोपर्यंत लाखो मागांवर तेवढंही नव्हतं. वीज जोर देते, लक्ष द्यायचं काम माणसाकडंच राहतं. यंत्रमाग कामगाराला "बटण दाबायचं काम" म्हणणाऱ्यांनी एक रात्रपाळी उभं राहून बघावी.

बरं, आता तो अवघड प्रश्न. हातमागावर जॅकार्ड उचलायला मोटर लावली, किंवा हवेच्या दाबानं उचललं, पण धोटा हातानं फेकला आणि ठोका हातानं दिला, तर तो कुठला माग? ही कल्पनेतली गोष्ट नाही, अशी जोडणी बऱ्याच ठिकाणी आहे. आणि कायद्याची व्याख्या काटेकोर वाचली तर त्या मागावर पॉवर आहे, त्यामुळं तो हातमाग राहतो का नाही याबद्दल वकील दोन्ही बाजूंनी भांडू शकतो. "पॉवरवर चालणारा माग" यातलं चालणारा म्हणजे पूर्ण चालणारा का थोडासा चालणारा, हे कुठं लिहिलेलंच नाही. दुकानदाराचं ते "थोडं मशीनवर" या भोकातनंच आत शिरतं.

याच्यावर एक उत्तर सुचवलं गेलं होतं, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीच्या वेळी, की विणकामातली एखादी तरी क्रिया हातानं होत असेल तर त्याला हातमागात धरावं. हातमागवाल्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि तो बरोबरच होता. मी यंत्रमागाच्या गावची असून सांगते, या व्याख्येनं आमच्या गल्लीतला प्रत्येक साधा माग हातमाग ठरला असता. कांडी हातानं बदलतात, गाठ हातानं मारतात, माग चालूसुद्धा हातानंच करतात. मिनिटाला दीडशे ठोके देणारा माग आणि येवल्यातला एका पैठणीला कित्येक महिने घेणारा माग, दोन्हीवर एकच शिक्का. ज्याला हातमागाची सवलत आणि नाव वाचवायचंय त्यानं असली व्याख्या मान्य करणं म्हणजे स्वतःच्या हातानं घराचं दार काढून देणं.

पण दुसऱ्या टोकाची माणसंही मला पटत नाहीत. त्यांचं म्हणणं, मोटरचा वाससुद्धा नको, कशालाच नको, नाहीतर परंपरा गेली. हे म्हणणाऱ्यांनी भरगच्च ब्रोकेडचं जॅकार्ड पायानं उचलून बघावं. शेकडो दोऱ्या, त्यांच्या खालची वजनं, सगळं एका पायाच्या दाबावर, प्रत्येक धाग्याला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी ज्या बाईंना साडी दाखवली त्या पन्नाशीच्या आहेत, खड्ड्यातनं उठताना दोन्ही हात कडेला टेकवून आधी थोडा वेळ तशाच थांबतात आणि मग उठतात. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर हातमाग कामगार मोजले गेले आणि त्यात ७० टक्क्यांहून जास्त बायका आहेत. त्या बाईंच्या गुडघ्याला एवढीशी मोटर मदत करणार असेल तर ती काढून घ्यायचा अधिकार एसीत बसून परंपरा सांगणाऱ्याला कुणी दिला? त्यांचं कसब त्यांच्या बोटांत आहे. पैठणीच्या पदरावर मोर विणताना रंगारंगाच्या बारक्या कांड्या हातानं धाग्यात धागा अडकवत पुढं न्यायच्या असतात, म्हणून तर अस्सल विणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. त्या कामाला जगातली कुठली उचल-मोटर हात लावत नाही.

चरख्याबाबत हाच प्रश्न येऊन गेलाय. खादीची व्याख्या कायद्यात स्वच्छ आहे, १९५६ पासून, हातानं कातलेलं सूत आणि हातमागावर विणलेलं कापड. मग २०१८ मध्ये सोलर चरख्याची योजना आली आणि लगेच चर्चा सुरू झाली की या सुताची खादी होईल का. सूर्य नैसर्गिक आहे, प्रदूषण नाही, गावातल्या बायकांना काम मिळतं, सगळं खरं. पण पॅनलमधनं येते ती वीजच. वीज कोळशाची असो, धरणाची असो का उन्हाची, चाती फिरवताना ती वीजच असते, आणि ते सूत चांगलं असेल, विकावं, पण त्याला हातसूत म्हणू नये. मोटरला विरोध नाही माझा अजिबात, मोटर असताना नाही म्हणण्याला आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. विणकामातली तीन मुख्य कामं धरा, वाट पाडणं, धोटा फेकणं, ठोका देणं. धोटा आणि ठोका माणसाच्या जोरावर असेल तर तो हातमाग, कारण कापडाची वीण, तिची घट्टता, तिच्यातला तो किंचित उणाअधिकपणा, हे या दोन कामांतनं येतं आणि वेगही या दोनच कामांनी ठरतो, विणकराचा हात जितका जाईल तितकंच कापड होणार. जॅकार्डची उचल मोटरवर असेल तर हातमागच म्हणा पण उघड लिहा, "उचल मोटरवर". आणि धोटा किंवा ठोका यातलं एकजरी मोटरवर गेलं तर तो यंत्रमाग, मग बाकी कितीही हात लागू दे. काही जण म्हणतील की अशानं चोरवाट उघडते, आज उचलीला मोटर आली तर उद्या धोट्याला येईल. तसं होऊ शकतं, नाही म्हणत नाही. पण आत्ता तरी अशी कुठली रेघच आखलेली नाही, त्यामुळं जो तो आपापल्या सोयीनं सांगतोय.

या सगळ्यात यंत्रमागवाल्याचं काय, हे कुणीच विचारत नाही. जिथं फायदा असतो तिथं हा शब्द एकदम चोख वापरला जातो. वीज बिलाच्या सवलतीत बघा, २७ हॉर्सपॉवरच्या खालचा जोडभार का वरचा यावर युनिटमागं सवलत वेगळी, तिथं कुणी "थोडं मशीनवर" म्हणत नाही, तिथं प्रत्येक मोटर मोजली जाते. आणि तेच कापड दुकानात पोचलं की यंत्रमाग हा शब्द लपवायचा. लपवायचं कशाला? सोलापुरी चादर घ्या. विजेवर चालणाऱ्या जॅकार्ड मागावर विणलेली, भौगोलिक मानांकन मिळालेली, घराघरात वर्षानुवर्षं वापरलेली, धुवून धुवून मऊ झालेली. तिला कुणी नकली म्हणतं का? ती हातमागाची आहे असं कुणाला सांगावंच लागलं नाही, स्वतःच्या नावावर विकली गेली. उलट बाजारात "सेमी पैठणी" हा शब्द ऐका. सेमी म्हणजे अर्धी, पण अर्धी काय? रेशीम अर्धं, जर अर्धी, का माग अर्धा? कुणी सांगत नाही कारण न सांगण्यातच कमाई आहे. आणि ज्यानं ती रात्रभर जागून पॉवरलूमवर विणली त्याचं काम मात्र अर्धवट ठरतं.

मागची बाजू बघा, उलटीकडं सुटे धागे दिसले तर पॉवरलूम, असं व्हिडिओत वगैरे सांगतात, त्याच्यावर फार विसंबू नका. हातमागावरच्या जॅकार्ड ब्रोकेडलाही मागं धागे सुटलेले असतात. डोळ्यांनी ओळखणं हे वर्षानुवर्षं विणलेल्या माणसाचं काम आहे, गिऱ्हाइकानं ते शिकून यावं ही अपेक्षाच चुकीची आहे. हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क आहे, ते लेबल मागा, ठीक. पण पॉवरलूमच्या कापडावर "हे विजेवर विणलंय" असं ठळक लिहायला कोण सांगणार? नियम एकाच बाजूला, दुसरी बाजू मोकळी.

मराठी शब्दाबद्दलही एक मागणं आहे. माझ्या मते "वीजमाग" हा शब्द जास्त खरा आहे, छोटा आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळतो. यंत्रमाग हा शब्द संघटनांच्या पाट्यांवर आहे, सरकारी कागदांत आहे, आमच्या गावाच्या ओळखीत आहे, तो काढून टाका असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी कोण काढणार. पण निदान लेबलवर आणि पाठ्यपुस्तकात यंत्रमाग म्हणजे विजेच्या जोरावर चालणारा माग, एवढं वाक्य तरी असू दे. पुस्तकात "यंत्रमाग म्हणजे यंत्रावर चालणारा माग" अशी व्याख्या पोरं पाठ करणार असतील तर त्यातनं काय कळणार, आणि उद्या तीच पोरं दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभी राहणार आहेत किंवा काउंटरच्या पलीकडं विकायला.

काकू ती साडी नेसते, तिला आवडते, कापड खरंच चांगलं आहे आणि टिकेल. पदरावरचे मोर एकसारखे आहेत, एकाही मोराची मान दुसऱ्यापेक्षा वाकडी नाही, आता बघितलं की मला तेच आधी दिसतं. पावती मी जपून ठेवली होती, ती लावून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचा अर्ज तयार केलाय. वकिलांनी आधीच्या मसुद्यात "मशीनमेड" असा शब्द घातला होता तो मी खोडला आणि तिथं लिहिलं, धोटा आणि ठोका मोटरच्या जोरावर असलेल्या मागावर विणलेली साडी हातमागाची म्हणून विकली. वकील म्हणाले एवढं लांबड कशाला. मी म्हटलं, असू दे तसंच.